हळदीची चमक आणि पॉलिश करणाऱ्याचा जीव : पायापासून इलेक्ट्रिक पिंपापर्यंत

फेब्रुवारी उजाडला की सांगली-साताऱ्याच्या हळदपट्ट्यातल्या दवाखान्यांत एक ठराविक प्रकारचा रुग्ण दिसू लागतो. कोरडा खोकला, डोळे लाल, नाकातून पिवळसर शेंबूड, अंगावरच्या कपड्यांना न जाणारा पिवळा रंग. "डॉक्टर, थंडीनं झालं असेल" असे तो सांगतो. थंडी तर केव्हाच ओसरलेली असते. "सध्या काय काम चाललंय?" असे विचारले की उत्तर येते, "हळद पॉलिशला आहे."

आपल्या घरात हळदीबद्दल बोलणे होते ते तिच्या औषधी गुणांबद्दल. हळद-दूध, जखमेवर हळद, करक्युमिनच्या गोळ्या. त्यावर या ब्लॉगवर पूर्वी लिहून झाले आहे, वाचकांचे प्रश्नही येत असतात. आजचा विषय वेगळा आहे. आपल्या डब्यात येणारी हळद गुळगुळीत, पिवळीधमक होते ती कशी, ते काम पूर्वी कोण आणि कशाने करत होते, त्याला वीज केव्हा जोडली गेली आणि त्या प्रत्येक टप्प्यावर माणसाच्या शरीराला कोणता धोका होता, हे आज पाहू. ज्यांच्या घरी किंवा शेडवर विजेवर चालणारे पॉलिशचे पिंप आहे त्यांनी शेवटचे दोन भाग जरूर वाचावेत.

हळकुंडाला पॉलिश लागते कशाला?

जमिनीतून काढलेला हळदीचा गड्डा मातकट, मुळ्यांनी भरलेला आणि ओला असतो. तसाच ठेवला तर एकतर कोंब येतात किंवा बुरशी लागते. म्हणून काढणीनंतर जेठे गड्डे आणि हळकुंडे वेगळी करून शिजवतात. पूर्वी मोठ्या कढईत पाणी घालून, वर हळदीचाच पाला अंथरून तास-पाऊण तास शिजवत. फेस आला, हळदीचा विशिष्ट वास सुटला आणि काडी हळकुंडात सहज शिरली की कढई उतरवायची. आता बहुतेक ठिकाणी वाफेवरचे बॉयलर आले आहेत. शिजवण्यामागे तीन कारणे आहेत. कंदातील जिवंतपणा संपतो आणि कोंब येत नाही. पिष्टमय पदार्थ फुगून एकजीव होतात, त्यामुळे वाळल्यावर हळकुंड टणक होते. आणि रंगद्रव्य आतमध्ये सारखे पसरते.

यानंतर दहा-पंधरा दिवस उन्हात वाळवण. ओलावा साधारण दहा टक्क्यांवर आला की हळकुंड वाजू लागते, मोडले तर टक् असा आवाज येतो. पण दिसायला ते अजून कुरूपच असते. वर खवले, वाळलेल्या मुळ्या, चिकटलेली माती. हे सगळे घासून काढणे म्हणजे पॉलिश.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो. पॉलिशने हळदीतले करक्युमिन वाढत नाही. साल आणि माती जाते, हळद स्वच्छ होते, दळायला सोपी पडते, बाजारात भाव मिळतो. औषधी गुण आत असतात, ते जसे होते तसेच राहतात. वैद्यकशास्त्राच्या इतिहासात 'पॉलिश' या शब्दाने एकदा मोठा घात केला होता, तो तांदळाच्या बाबतीत. एकोणिसाव्या शतकात वाफेवरच्या गिरण्या आल्या, तांदूळ पांढराशुभ्र झाला आणि आग्नेय आशियात बेरीबेरी पसरला. कोंड्याबरोबर ब-1 जीवनसत्त्व फेकले जात होते. बटाव्हियात काम करणाऱ्या ख्रिस्तियान आइकमन या डच डॉक्टरला हे कोंबड्यांवरच्या निरीक्षणातून उमगत गेले आणि 1929 साली त्याला नोबेल मिळाले. हळदीचे तसे नाही. हळद पॉलिश केल्याने खाणाऱ्याचे पोषण बुडत नाही. मात्र पॉलिश करणाऱ्याला आणि कधीकधी खाणाऱ्यालाही दुसऱ्याच वाटेने इजा होऊ शकते.

पाय, गोणपाट आणि हाताचे पिंप

सर्वांत जुनी पद्धत अगदी साधी होती. वाळलेली हळद खडबडीत जमिनीवर किंवा दगडावर पसरायची, हाताला किंवा पायाला गोणपाट गुंडाळायचे आणि रगडायचे. तासन्‌तास. हे काम बहुतांशी घरातल्या बायका आणि मजूर करत. धोका होता तो पायाच्या कातड्याला, गुडघ्यांना, कमरेला. भेगांमध्ये माती जाऊन जखमा पिकत. धनुर्वाताची लस सर्रास मिळत नव्हती त्या काळात मातीत माखलेली पायाची जखम ही क्षुल्लक गोष्ट नव्हती.

मग आले हाताने फिरवायचे पिंप. आडव्या आसावर बसवलेले, बाजूला लोखंडी जाळी, एका टोकाला दांडा. आत हळकुंडे भरायची आणि दोघांनी मिळून फिरवायचे. हळकुंड जाळीवर घासते आणि एकमेकांवरही घासते, साल व माती जाळीतून खाली पडते. या पिंपाचा शास्त्रीय वेग मिनिटाला सुमारे तीस फेऱ्या इतकाच सांगितला जातो. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

हाताच्या पिंपाचा एक मोठा गुण आज कुणाच्या ध्यानात येत नाही. कुणाचे बोट अडकले आणि तो ओरडला की फिरवणारा थांबतो. माणूस हाच त्या यंत्राचा ब्रेक होता.

हरिपूरची पेवे

हळदीचा इतिहास सांगताना सांगलीजवळच्या हरिपूरला वगळता येत नाही. कृष्णा आणि वारणा यांच्या संगमावरचे हे गाव. इथल्या विशिष्ट मातीत जमिनीखाली पेवे खोदून हळद साठवत. तोंड अरुंद, पोट मोठे, आत पाला-गवताचा थर, वरून तोंड मातीने बंद. वर्षानुवर्षे हळद टिकायची, कीड लागत नसे. सांगली ही हळदीची पेठ म्हणून नावारूपाला आली त्यात या पेवांचा मोठा वाटा आहे. 2005 च्या महापुरात त्यांतली बरीच पेवे पाण्याखाली गेली, खचली आणि साठवण गोदामांकडे व शीतगृहांकडे वळली. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्या ओळखीच्या मुळाशी ही परंपरा आहे.

डॉक्टर म्हणून मला पेवात रस आहे तो वेगळ्या कारणाने. हवाबंद पेवात कीड का लागत नाही? कारण आत प्राणवायू उरत नाही. साठवलेला माल, बुरशी, सूक्ष्मजीव मिळून प्राणवायू वापरतात आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात. तो हवेपेक्षा जड, म्हणून तळाशी साचतो. कीड मरते त्याच हवेत माणूस उतरला तर काही श्वासांत बेशुद्ध पडतो. म्हणून पेव उघडल्यावर तोंड बराच वेळ उघडे ठेवायचे आणि दिवा आत सोडून पाहायचा ही जुनी रीत. दिवा विझला तर उतरायचे नाही. पद्धत शहाणपणाची आहे, अपुरी आहे इतकेच, कारण दिवा जळतो म्हणजे आत दुसरा विषारी वायू नाही असे सिद्ध होत नाही. आजही जुनी विहीर, पेव, मळीची टाकी यांत एक माणूस पडला की त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही जातो. कमरेला दोर बांधल्याशिवाय आणि वर दोन माणसे असल्याशिवाय कुणीही उतरू नये.

इंजिन आले, मग वीज आली

या भागात यंत्रे बाहेरून यायची वाट पाहावी लागली नाही. 1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या कुंडलजवळच्या माळावर कारखाना उभारला, ती आजची किर्लोस्करवाडी. नांगर, चरक, पंप तिथून निघू लागले. तिकडे सातारा रोडला धनजीशा कूपर यांचा कारखाना 1922 च्या सुमारास सुरू झाला आणि पुढे तिथे डिझेल इंजिने बनू लागली. हेच कूपर 1937 मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते, हे साताऱ्यातल्या तरुण मुलांना सांगितले तर खरे वाटत नाही.

वीज खेडोपाडी पोहोचायला मात्र स्वातंत्र्यानंतरची दोन-तीन दशके लागली. 1960 साली महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले, 1962 पासून कोयनेची वीज मिळू लागली. धरण आपल्या पाटण तालुक्यातले, पण आसपासच्या वाड्यावस्त्यांवर दिवे लागायला बराच काळ गेला. वीज आली ती आधी विहिरीवरच्या पंपासाठी. त्याच तीन फेजच्या मोटारीला पट्टा लावून मग कडबाकुट्टी, गिरणी, मळणीयंत्र आणि हळदीचे पिंप फिरू लागले. काम झपाट्याने होऊ लागले. दोन माणसांचा घामटा काढणारे पिंप एका बटणावर फिरू लागले.

आणि तो ब्रेक गेला. मोटारीला ओरडणे ऐकू येत नाही.

यंत्रापासून मजुराचे रक्षण करणारे कायदे आपल्याकडे जुने आहेत. 1881 च्या पहिल्या फॅक्टरी कायद्यातच धोक्याच्या यंत्राला कुंपण घालण्याची तरतूद होती. पण तो कायदा शंभर किंवा अधिक कामगार असलेल्या आणि वर्षातून किमान चार महिने चालणाऱ्या कारखान्यांपुरता होता. 1948 च्या कायद्यात फिरत्या भागांना आडोसा बंधनकारक झाला, चालू यंत्राला स्त्रियांनी व अल्पवयीनांनी तेल घालू नये, सफाई करू नये असे कलम आले. तरी मूळ कायद्याने विजेवर चालणारी आणि दहा किंवा जास्त कामगारांची जागा हीच फॅक्टरी धरली. शेतातल्या शेडवर पाच माणसे घेऊन दोन महिने चालणारे पॉलिशचे पिंप त्यात कधी बसलेच नाही. उत्तरेत गव्हाच्या मळणीयंत्रांनी शेकडो हात घेतले तेव्हा 1983 मध्ये धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा वेगळा कायदा झाला, त्याचा रोखही प्रामुख्याने मळणीयंत्रांवर होता. म्हणजे हळदीच्या पिंपाजवळ उभ्या राहिलेल्या बाईची काळजी घेणारा इन्स्पेक्टर जवळपास नाहीच. ती काळजी पिंपाच्या मालकालाच घ्यावी लागते.

चमक आणायचा आडमार्ग

आता खाणाऱ्याकडे वळू. हळद नीट शिजली नसेल, वाळवताना पाऊस लागला असेल तर कितीही घासली तरी ती मळकटच दिसते. अशा वेळी शेवटच्या दहा मिनिटांत पिंपात थोडी हळद पूडच टाकायची, ही मान्य पद्धत आहे. हळदीला हळदीचाच रंग, त्यात वावगे काही नाही. आडमार्ग म्हणजे बाहेरचा पिवळा रंग. त्यातला सर्वांत घातक लेड क्रोमेट.

लेड क्रोमेट म्हणजे शिसे आणि क्रोमियम यांचे संयुग. वजनाच्या जवळजवळ 64 टक्के शिसेच. 1797 मध्ये व्होकलां या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने क्रोमियम शोधले ते याच संयुगाच्या खनिजातून, आणि पुढे त्यापासून 'क्रोम यलो' हा चित्रकारांचा, मग फर्निचरच्या आणि वाहनांच्या रंगाचा पिवळा तयार झाला. तो हळदीच्या रंगाशी इतका जुळतो की नजरेला फरक कळत नाही.

बांगलादेशात काय घडले ते समजून घेण्यासारखे आहे. तिथल्या गर्भवतींच्या रक्तात शिसे का सापडते याचा माग काढत संशोधक हळदीपर्यंत पोहोचले. 1980 च्या दशकात पुरामुळे हळद भिजली, काळपट पडली. ती विकली जावी म्हणून पॉलिश करतानाच तिला पिवळा रंग चोपडायची सवय लागली. यात दुहेरी फायदा होता. वाईट माल चांगला दिसे आणि तासन्‌तास पिंप फिरवायची गरज उरत नसे, कारण न निघालेली साल रंगाखाली झाकली जाई. पॉलिशचा वेळ आणि वीज वाचवण्याच्या हिशेबात शिसे लोकांच्या पोटात गेले. 2019 मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाल्यावर तिथल्या सरकारने ढाक्याच्या घाऊक बाजारात छापे घातले, जागच्या जागी यंत्राने तपासणी केली, व्यापाऱ्यांना दंड केला आणि त्याला वृत्तपत्रांतून भरपूर प्रसिद्धी दिली. बाजारातल्या नमुन्यांपैकी 47 टक्क्यांत शिसे सापडत होते, ते 2020 च्या सुरुवातीला 5 टक्के आणि 2021 पर्यंत शून्यावर आले. पॉलिश गिरण्यांतल्या कामगारांच्या रक्तातले शिसेही सुमारे 30 टक्क्यांनी उतरले. सार्वजनिक आरोग्यात इतक्या कमी खर्चात आणि इतक्या लवकर यश क्वचित मिळते.

आपल्याकडे 1954 च्या अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्याखालच्या नियमांपासूनच हळदीत लेड क्रोमेट नसावे अशी अट आहे, आणि 2006 च्या अन्नसुरक्षा कायद्यानेही ती कायम ठेवली आहे. तरीही 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या दक्षिण आशियातील पाहणीत पाटणा, कराची व पेशावर इथल्या काही नमुन्यांत शिशाचे प्रमाण भयंकर आढळले. सांगलीच्या बाजारावर मी कसलाही आरोप करत नाही. पण 'जितकी पिवळी तितकी चांगली' ही गिऱ्हाइकाची समजूत हाच या भेसळीचा पाया आहे आणि ती समजूत आपल्याकडेही आहे.

शिसे शरीरात कॅल्शियमची नक्कल करते. हाडात जाऊन बसते आणि वर्षानुवर्षे रक्तात झिरपत राहते. गरोदरपणात आईच्या हाडांतले शिसे बाळाकडे जाते. लहान मुलांच्या वाढत्या मेंदूला सर्वांत जास्त झळ बसते : लक्ष लागत नाही, शिकण्यात मागे पडते. मोठ्यांमध्ये रक्तदाब वाढतो, रक्तक्षय होतो, पोटात कळा येतात, बद्धकोष्ठता होते. ही लक्षणे इतकी सर्वसाधारण आहेत की शिशाचा संशय कुणाला येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते शिशाची सुरक्षित अशी पातळीच नाही.

घरी करता येईल अशी एक सोपी चाचणी. अख्खे हळकुंड काचेच्या ग्लासातल्या पाण्यात टाका. लगेच पाण्यात पिवळा रंग सुटू लागला तर वरून रंग चोपडला असल्याची शंका घ्या. शुद्ध हळकुंड असा भराभर रंग सोडत नाही. ही चाचणी संशयापुरतीच, खात्री प्रयोगशाळेतच होते. मी स्वतः रुग्णांना सांगतो की शक्यतो ओळखीच्या शेतकऱ्याकडून अख्खी हळकुंडे घ्या, जरा मळकट असली तरी चालतील, आणि घरी किंवा गिरणीत डोळ्यांसमोर दळा.

इलेक्ट्रिक पिंप बसवताना

आधी वेगाचे. साधारण मोटार मिनिटाला 1440 फेऱ्या घेते. पिंपाला हव्यात तीस. म्हणजे वेग 48 पट कमी करायचा आहे. एका लहान-मोठ्या पुलीच्या जोडीने ते होत नाही, दोन टप्पे किंवा गिअर लागतो. खर्च वाचवायला कुणी एकच टप्पा लावतो आणि पिंप भन्नाट फिरवतो. त्याने काम लवकर होईल ही समजूत चुकीची आहे. तीन फूट व्यासाचे पिंप मिनिटाला 45 फेऱ्यांच्या जवळ गेले की हळकुंडे कडेला चिकटून पिंपाबरोबरच फिरतात, घासली जात नाहीत. पॉलिश होत नाही, धोका मात्र वाढतो. तसेच पिंप गच्च भरू नये, आत हळकुंडांना उलटायला-पडायला जागा हवी.

पट्टा आणि पुली यांवर जाळीचा आडोसा हवा, बोट जाणार नाही इतक्या बारीक जाळीचा. 'आम्ही लांब उभे राहतो' हे उत्तर चालत नाही, कारण अडकतो तो पदर, ओढणी, गळ्यातला टॉवेल किंवा मोकळे केस. केस पट्ट्यात गेले तर टाळूची कातडी सोलून निघते. हा अपघात पाहिलेला माणूस आडोशाच्या किमतीवर वाद घालत नाही. पदर खोचलेला, केस बांधून रुमालाखाली, अंगठी आणि बांगड्या काढलेल्या, एवढे नियम शेडच्या दारावरच लिहून ठेवा.

आता सगळ्यात महत्त्वाचे. आपल्याकडे शेतीच्या वीजवाहिनीवर कधी दिवसा, कधी रात्री वीज मिळते. ती केव्हाही जाते आणि केव्हाही येते. म्हणून पंपाच्या स्टार्टरला ऑटोस्विच लावलेला असतो, वीज आली की मोटार आपोआप सुरू. पंपाला हे सोयीचे आहे. पण त्याच स्टार्टरवर पॉलिशचे पिंप चालवत असाल तर विचार करा : वीज गेली, पिंप थांबले, आता थांबलेच आहे तर झाकण उघडून हळद काढू म्हणून कुणी हात आत घातला आणि वीज आली. हळदीच्या पिंपाला ऑटोस्विच कधीही नको. वीज गेल्यावर स्टार्टर आपोआप सुटला पाहिजे आणि पुन्हा हिरवे बटण दाबल्याशिवाय मोटार चालू होता कामा नये. झाकण उघडण्याआधी मेन स्विच बंद करायचा, शक्य तर कुलूप लावून किल्ली झाकण उघडणाऱ्याच्याच खिशात ठेवायची, आणि पिंप फिरू नये म्हणून खीळ घालायची. लाल बटण पिंपाजवळ उभ्या माणसाच्या हाताला येईल असे हवे, भिंतीपलीकडे नको.

अर्थिंग. तीन फेजच्या मोटारीला दोन स्वतंत्र अर्थिंग असावेत असा नियम आहे, आणि पिंपाच्या लोखंडी सांगाड्यालाही अर्थिंग जोडलेले हवे. नळाला किंवा खुंटीला तार गुंडाळणे म्हणजे अर्थिंग नव्हे. त्याशिवाय 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या. याचा इतिहास मला फार आवडतो. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठातले चार्ल्स डालझील यांनी स्वयंसेवकांवर मोजमाप केले की किती विद्युतप्रवाहानंतर माणसाला हातातली तार सोडता येत नाही. पुरुषांत सरासरी 16 आणि स्त्रियांत साधारण साडेदहा मिलिअँपिअर. स्नायू आखडतात आणि मूठ उघडत नाही. 'विजेने धरून ठेवले' असे आपण म्हणतो ते हेच. 230 व्होल्ट आणि घामाने ओले शरीर असेल तर दोनशेहून अधिक मिलिअँपिअर प्रवाह जाऊ शकतो, म्हणजे हृदयाची लय बिघडायला पुरेसा. डालझील यांनीच पुढे, 1960 च्या दशकात, गळतीचा प्रवाह ओळखून क्षणात वीज तोडणारे उपकरण बनवले. फ्यूज मोटार आणि वायर वाचवतो, माणूस वाचवतो तो आरसीसीबी.

धुळीचेही बोलू. पिंपातून उडणारी धूळ निव्वळ हळदीची नसते. तिच्यात माती असते, सालीचे तंतू असतात, बुरशीचे बीजाणू असतात. काहींना दमा सुरू होतो, ज्यांना आधीच आहे त्यांचा बळावतो. ओळखायची खूण सोपी : सुट्टीच्या दिवशी बरे वाटते आणि कामावर गेल्यावर पुन्हा छाती भरते. तोंडाला बांधलेला रुमाल बारीक धुळीला अडवत नाही, एन-95 मास्क अडवतो. पिंप उघड्या शेडमध्ये, वाऱ्याच्या दिशेने खाली धूळ जाईल असे ठेवा. तिथे विडी पेटवू नका, बारीक कोरडी पूड हवेत दाट उडाली की पेट घेऊ शकते.

अपघात झालाच तर

शॉक लागलेल्या माणसाला आधी हात लावायचा नाही. मेन स्विच बंद. तो सापडत नसेल तर कोरड्या लाकडाने तार दूर करायची, स्वतः कोरड्या जागी उभे राहून. माणूस प्रतिसाद देत नसेल आणि नीट श्वास घेत नसेल तर 108 ला फोन लावायला एकाला सांगून दुसऱ्याने छातीच्या मधोमध दाबायला सुरुवात करायची : मिनिटाला 100 ते 120 वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल, थकला की दुसऱ्याने घ्यायचे. ही पद्धत जगाला मिळाली तीही विजेच्या अपघातांच्या अभ्यासातून. वीज कंपन्यांचे कामगार शॉकने मरत म्हणून जॉन्स हॉपकिन्समध्ये संशोधन सुरू झाले आणि 1960 साली बाहेरून छाती दाबून रक्ताभिसरण चालू ठेवण्याची पद्धत ज्यांनी मांडली त्यांतले प्रमुख विल्यम काउवेनहोव्हन डॉक्टर नव्हते, विद्युत अभियंता होते. शॉक लागून माणूस उठून बसला तरी त्याच दिवशी ईसीजी काढून घ्या. आणि भाजलेल्या जागी हळद भरू नका. हळदपट्ट्यात हा मोह आवरत नाही हे मला माहीत आहे, पण ती जखम साफ करताना रुग्णाचे हाल होतात आणि भाजणे किती खोल आहे ते डॉक्टरला दिसत नाही. स्वच्छ वाहते पाणी पुरे, तेही वीज बंद झाल्यावरच.

बोट तुटले तर जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा, हात वर ठेवा. तुटलेले बोट स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घाला, पिशवीचे तोंड बंद करा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. बोट थेट बर्फात ठेवले तर पेशी गोठून मरतात आणि जोडता येत नाही. जितक्या लवकर, शक्यतो सहा तासांच्या आत, मायक्रोसर्जरीची सोय असलेल्या रुग्णालयात पोहोचा. निघण्यापूर्वी फोन करून सोय आहे का ते विचारा, म्हणजे दोन-तीन दवाखाने फिरण्यात वेळ जाणार नाही. धनुर्वाताचे इंजेक्शन त्याच वेळी.

शेतकरी कुटुंबातल्या माणसाचा असा अपघात झाला तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून मदत मिळू शकते : मृत्यू किंवा दोन अवयव गेल्यास दोन लाख रुपये, एक अवयव गेल्यास एक लाख. अर्ज तालुका कृषी अधिकारी कार्यालयात करायचा असतो. त्यासाठी दवाखान्याची कागदपत्रे लागतात, म्हणून पहिल्या दिवसापासून केसपेपर, डिस्चार्ज कार्ड आणि पंचनाम्याची प्रत एका पिशवीत जपून ठेवा. मजूर दुसऱ्याच्या शेडवर काम करताना जखमी झाला असेल तर मालकाकडून मिळणाऱ्या भरपाईचा विषय वेगळा आहे, त्यासाठी कामगार आयुक्त कार्यालयात चौकशी करा.